वांद्र्याची संस्था आणि शिरूर-दौंडची वाट

9 ऑगस्ट 1983 रोजी मुंबईत वांद्र्याला एक राष्ट्रीय संस्था सुरू झाली. 1981 हे वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने अपंगांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले होते आणि त्या वातावरणात केंद्र सरकारने एकेका अपंगत्वासाठी स्वतंत्र राष्ट्रीय संस्था उभारण्याचे काम हाती घेतले होते. दृष्टिहीनांची संस्था डेहराडूनला, अस्थिव्यंगांची कोलकात्याला, तर बौद्धिक अपंगत्व असलेल्यांची 1984 मध्ये सिकंदराबादला झाली. कर्णबधिरांची संस्था मुंबईच्या वाट्याला आली. तिला नाव देण्यात आले अली यावर जंग यांचे. मुत्सद्दी, उस्मानिया आणि अलीगढ या दोन्ही विद्यापीठांचे कुलगुरू आणि अखेरीस महाराष्ट्राचे राज्यपाल राहिलेले जंग 1976 च्या डिसेंबरमध्ये पदावर असतानाच निवर्तले. मुंबईच्या पश्चिम द्रुतगती महामार्गालाही त्यांचेच नाव आहे. बोलण्याचा आणि ऐकण्याचा हक्क जपणाऱ्या संस्थेला एका वक्तृत्वसंपन्न माणसाचे नाव मिळाले, हे शोभून दिसते.

9 ऑगस्ट 2023 रोजी या संस्थेला चाळीस वर्षे पूर्ण झाली. अशा संस्थेचा इतिहास सहसा तिच्या इमारतीतून लिहिला जातो: कोणता अभ्यासक्रम केव्हा सुरू झाला, कोणती प्रयोगशाळा केव्हा उभी राहिली. तो लिहायलाच हवा. पण पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत उभे राहून तोच इतिहास वाचला, तर त्याची पाने वेगळ्या क्रमाने उलटतात. पुढचा मजकूर त्या बाजूने लिहिला आहे.

हेच तालुके का घेतले? मेळघाट किंवा अक्कलकुव्याला सेवा पोहोचत नाही म्हटले, की डोंगर, पाऊस, नदी अशी कारणे पुढे येतात. शिरूर-दौंडला त्यांतले एकही लागू पडत नाही. शिरूरमधून पुणे-नगर रस्ता जातो. रांजणगावची औद्योगिक वसाहत देशभरातल्या कंपन्यांना माहीत आहे. दौंड हे रेल्वेचे जंक्शन आहे, कुरकुंभला रासायनिक कारखाने आहेत आणि भीमेच्या पाण्यावर उसाचे मळे उभे आहेत. 2011 च्या जनगणनेत दोन्ही तालुक्यांची लोकसंख्या प्रत्येकी पावणेचार लाखांच्या पुढे होती. रस्ता, रेल्वे, वीज, पैसा, मतदार असे सगळे इथे आहे. तरीही तीन वर्षांच्या न बोलणाऱ्या मुलाला घेऊन आई निघाली, तर तिला तालुक्यात थांबण्यासारखी सरकारी जागा मिळत नाही. कारण भूगोलात सापडत नाही, म्हणून ते व्यवस्थेत शोधावे लागते.

संस्थेच्या आधीही मुंबईत हे काम होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात माझगावला मूकबधिरांची शाळा निघाली, ती देशातल्या पहिल्या शाळांपैकी एक. 1960 च्या दशकात नायर रुग्णालयात आणि म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्थेत वाचा-उपचाराचे पदवी शिक्षण सुरू झाले. म्हैसूरच्या इमारतीची कोनशिला 1966 मध्ये राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांनी बसवली. म्हणजे 1983 पर्यंत देशात या विद्येचे शिक्षण रुजले होते. कमी होते ते शिकलेले लोक आणि त्यांना पाठवण्याच्या जागा.

इथे थोडे आडवळण घेतो, कारण दौंड तालुक्याच्या बाबतीत ते टाळता येत नाही. केडगावला पंडिता रमाबाईंनी मुक्ती सदन उभारले ते 1890 च्या दशकात, प्लेग आणि दुष्काळाच्या काळात. त्यांची कन्या मनोरमा हिने तिथे अंध मुलींना ब्रेल शिकवायला सुरुवात केली. मुंबई-पुण्याबाहेर, माळरानावरच्या एका रेल्वे स्टेशनजवळ, विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर हे घडत होते. ज्याला विशेष शिक्षणाची गरज आहे त्याच्याजवळ जाऊन राहायचे, ही कल्पना या तालुक्याला नवी नाही. शासनाने ती आपली म्हणून उचलली नाही, एवढेच.

वांद्र्याच्या संस्थेने सुरुवातीच्या काही वर्षांतच कोलकाता, दिल्ली, सिकंदराबाद आणि भुवनेश्वर इथे केंद्रे उभी केली. राष्ट्रीय संस्थेने तसेच करायला हवे होते. वांद्र्यात पदवी, पदव्युत्तर आणि पदविका अभ्यासक्रम सुरू झाले, कर्णबधिरांच्या शिक्षकांचे प्रशिक्षण सुरू झाले आणि तपासणीसाठी मुंबईभरातून आणि राज्यातून लोक येऊ लागले. 1992 मध्ये भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा झाला. वाचा-उपचार हा नोंदणीचा व्यवसाय ठरला आणि शिक्षणाला एकसारखी शिस्त आली. या चाळीस वर्षांत संस्थेतून बाहेर पडलेल्या तज्ज्ञांनी देशभरातली रुग्णालये, शाळा आणि महाविद्यालये उभी केली, हे ठामपणे सांगायला हवे. माझ्या मते संस्थेचे सर्वात मोठे काम हेच आहे. तिच्यामुळे या विषयाला देशात शिक्षक मिळाले.

पण शिकलेला तज्ज्ञ कुठे जाईल हे संस्था ठरवत नाही. ते पद ठरवते. महाराष्ट्राच्या आरोग्य व्यवस्थेत उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय अशी उतरंड आहे. स्त्रीरोग, बालरोग, भूल, अस्थिरोग यांचे तज्ज्ञ या उतरंडीत काही पायऱ्या खाली उतरले. वाचा-उपचारतज्ज्ञ मात्र जिल्ह्यालाच थांबला. शिरूरला ग्रामीण रुग्णालय आहे, दौंडला उपजिल्हा रुग्णालय आहे. ज्या मुलाला आठवड्यातून दोनदा पाऊण तास तज्ज्ञासमोर बसायचे आहे, त्याच्यासाठी या दोन्ही इमारतींत खोली सापडेल, पण त्या खोलीत बसणारा माणूस मंजूर नाही. मग पदवीधर पुण्यात दवाखाना काढतो, मुंबईत नोकरी धरतो किंवा परदेशी जातो. त्याला दोष देता येणार नाही.

कायद्यानेही बोलण्याकडे उशिरा पाहिले. 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकारची अपंगत्वे मोजली होती. त्यात श्रवणदोष होता. वाणीचे अपंगत्व स्वतंत्र नव्हते. चांगल्या कानाला साठ डेसिबल किंवा त्याहून अधिक तोटा असेल तर प्रमाणपत्र मिळे. अर्धांगवायूने ज्याची वाचा गेली, घशाच्या कर्करोगात ज्याची स्वरपेटी काढली, तो कागदोपत्री कुठेच बसत नसे. 2016 च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने एकवीस प्रकार मान्य केले आणि वाणी व भाषा यांचे अपंगत्व पहिल्यांदा वेगळे नोंदवले. त्याच सुमारास वांद्र्याच्या संस्थेचे नाव बदलले आणि आधी फक्त श्रवण असलेल्या त्या नावात वाणीही आली. त्याआधी, 2011 च्या जनगणनेत, देशात दिव्यांगांची संख्या 2 कोटी 68 लाख होती. त्यांपैकी ऐकण्याची अडचण नोंदवलेले सुमारे 50 लाख, तर बोलण्याची अडचण नोंदवलेले सुमारे 20 लाख. मोजणी आधी झाली, हक्क नंतर आला आणि तालुक्यातली सेवा अजून यायची आहे.

संस्थेच्या कामाचा जो भाग खेड्यांपर्यंत सर्वांत आधी पोहोचला, तो साहित्यवाटपाचा. अपंगांना साधने देणारी केंद्राची एडीआयपी योजना 1981 पासूनची आहे. त्या योजनेखाली राष्ट्रीय संस्था शिबिरे घेतात, कान तपासतात आणि श्रवणयंत्रे देतात. शिबिराचा एक मोठा गुण आहे: माणसाच्या दाराशी जाता येते. त्याची मर्यादाही तिथेच आहे. यंत्र एका दिवशी देता येते, भाषा एका दिवशी देता येत नाही. ज्याने जन्मापासून आवाज ऐकला नाही त्या मुलाच्या कानाला मशीन लावले, की त्याला गोंगाट ऐकू येतो. त्या गोंगाटातून आईचा आवाज वेगळा काढायचा, मग शब्द, मग वाक्य, हे काम महिनोन्महिने चालते. ते शिकवणारा जवळ नसेल तर पोर मशीन काढून फेकते आणि घरचे ते कपाटात ठेवून देतात. खेड्यांत काम करणाऱ्या कोणत्याही विशेष शिक्षकाला विचारा, कपाटातल्या मशीनची गोष्ट तो सांगेल.

दुभंगलेल्या ओठ-टाळूच्या शस्त्रक्रियांचे असेच झाले. अमेरिकेत स्थायिक झालेले डॉ. शरदकुमार दीक्षित दरवर्षी भारतात येऊन अशा शस्त्रक्रियांची मोफत शिबिरे घेत. महाराष्ट्रातल्या कित्येक गावांना ती शिबिरे आठवतात. 2001 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हजारो मुलांच्या चेहऱ्यांवर त्यांचा हात फिरला आणि त्या कामाचे मोल करता येणार नाही. परंतु टाळू शिवल्यावरही आवाज नाकातून येत राहतो, क आणि ग नीट उमटत नाहीत, आणि ते दुरुस्त करायला शल्यविशारद पुरत नाही. त्यापुढचे वर्ष-दोन वर्षांचे काम वाचा-उपचारतज्ज्ञाचे. शिबिर उठल्यावर ती दुसरी जबाबदारी घेणारे गावात कोणी नसे. सेवेतल्या प्रादेशिक विषमतेचे मूळ मला इथे दिसते. एकदाच करायची गोष्ट दूरवर जाऊ शकते. दर आठवड्याला करायची गोष्ट जवळच असावी लागते, आणि वाचा-उपचार ही दर आठवड्याची गोष्ट आहे.

6 फेब्रुवारी 2013 रोजी पालघरला राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. महाराष्ट्राच्या भूमीवरून सुरू झालेल्या या कार्यक्रमाने खरोखर मोठा फरक केला. दोन वैद्यकीय अधिकारी, परिचारिका आणि औषधनिर्माता यांचे पथक गाडी घेऊन अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जाते. जन्मतः असलेला बहिरेपणा, बोलायला उशीर, दुभंगलेली टाळू हे सगळे त्यांच्या यादीत आहे. मूल सापडले की त्याला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. पुणे जिल्ह्यात ते केंद्र औंधच्या जिल्हा रुग्णालयात आहे.

औंध पुणे शहराच्या पश्चिम अंगाला आहे. शिरूर आणि दौंड पूर्वेला. म्हणजे या दोन तालुक्यांतल्या बाईला शहर गाठून भागत नाही, ते आरपार ओलांडावे लागते. टाकळी हाजी किंवा कवठे येमाईहून आधी शिरूर, तिथून एसटीने शिक्रापूर, कोरेगाव भीमा, वाघोलीच्या कोंडीतून सुमारे 70 किलोमीटर पुणे आणि मग शहर बस. दौंडकरांना रेल्वे आहे ही त्यांची सोय. पण लोकल सुटली की दिवस गेला, आणि पुणे स्टेशनावरून पुन्हा औंध आहेच. राहू किंवा पारगावच्या माणसाला तर आधी केडगाव किंवा यवत स्टेशन गाठावे लागते. पाऊण तासाच्या उपचारासाठी पहाटे निघून रात्री परतायचे, सोबत तीन वर्षांचे पोर, घरी दुसरे लहान आणि रोजाची मजुरी बुडालेली. तिसऱ्या-चौथ्या खेपेनंतर ती येईनाशी झाली, की कागदावर शेरा पडतो: पालक नियमित नाहीत. हा शेरा मला फार बोचतो. अनियमित पालक नव्हते, अंतर होते.

भाषेची पहिली पाच वर्षे निघून गेली की नंतर दुप्पट श्रम करूनही निम्मे हाती लागते. म्हणून बालकाची श्रवणचाचणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपचाराची सुरुवात सहाव्या महिन्यापर्यंत, असा जगभरचा मापदंड आहे. आपल्याकडे आजीच्या तोंडी वेगळा मापदंड असतो: याचा बापही उशिराच बोलला होता. बाप उशिरा बोललाही असेल, पण त्याला ऐकू येत होते. त्या घरात कोणी थाळी वाजवून, पाठमोरी हाक मारून पाहिली नाही आणि मूल शाळेत बसल्यावर मास्तरांच्या लक्षात आले. केरळमध्ये कोचीच्या बालरोगतज्ज्ञांनी 2003 पासून शहरातल्या प्रसूतिगृहांतून नवजात बाळांची श्रवणचाचणी घ्यायला सुरुवात केली. तपासणीचे यंत्र एकच असे आणि ते प्रसूतिगृहांमधून फिरे. पुढे त्या राज्याने नवजातांच्या श्रवणचाचणीचा आणि कॉक्लिअर इम्प्लांटचा, म्हणजे शस्त्रक्रियेने कानात बसवायच्या श्रवण-उपकरणाचा, आपला कार्यक्रम उभारला. फिरते यंत्र ही कल्पना इतकी साधी आहे की आपल्याकडे ती घेतली नाही याचे दुःख अधिक वाटते. चाचणी दारापर्यंत न्यायची वाटही आहे: आशाताई बाळाच्या पहिल्या बेचाळीस दिवसांत घरी जातातच. त्यानंतरही तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्या महिन्यापर्यंत त्यांच्या भेटी ठरलेल्या आहेत.

2014 मध्ये एडीआयपी योजनेत कॉक्लिअर इम्प्लांट आले. एका मुलामागे तेव्हा सहा लाख रुपयांपर्यंत मदत, वर्षाला देशभरात 500 मुले आणि या कामाची मध्यवर्ती जबाबदारी वांद्र्याच्या संस्थेकडे. गरीब घरातल्या बहिऱ्या मुलाला लाखोंचे उपकरण सरकार देते, हे चाळीस वर्षांपूर्वी कोणी स्वप्नातही पाहिले नसते. संस्थेच्या इतिहासातला हा मानाचा टप्पा आहे. पण शस्त्रक्रियेनंतर उपकरणाचे मॅपिंग, म्हणजे आवाजाची जुळणी, पुन्हा पुन्हा करावे लागते, वाचा-उपचार दीर्घकाळ द्यावे लागतात, केबल तुटते, बॅटरी संपते, पावसाळ्यात ओल शिरते. पुण्यात राहणाऱ्या कुटुंबाला हे सगळे बसच्या एका तिकिटात जमते. मांडवगण फराट्याच्या कुटुंबाला तेच उपकरण, तीच शस्त्रक्रिया मिळूनही मुलाचे बोलणे मागे राहते. योजनेने दोघांना समान दिले, पण नकाशाने पुन्हा वेगळे केले. पुष्कळ कुटुंबे मग गाव सोडून पुण्यात भाड्याच्या खोलीत येतात. एक भाऊ शेतावर राहतो, आई आणि मूल शहरात. मुलाच्या वाणीची ही किंमत कोणत्याही अहवालात लिहिलेली नसते.

शिरूर-दौंडची आणखी एक अडचण शहरात बसून लक्षात येत नाही. न्हावऱ्याच्या घोडगंगा आणि पाटसच्या भीमा कारखान्यांच्या पट्ट्यात गळीत हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या बीड-नगरकडून येतात. त्यांची मुले फडाशेजारच्या कोपीत राहतात. ती इथल्या अंगणवाडीच्या पटावर नसतात आणि गावी पथक आले तेव्हा ती गावात नसतात. केडगाव-राहूच्या गुऱ्हाळांवर उत्तर प्रदेशातले कामगार आहेत, रांजणगावला बिहार, ओडिशा, बंगालची कुटुंबे आहेत. त्यांच्या मुलांना घरी एक भाषा, शेजारी दुसरी, अंगणवाडीत तिसरी. मूल उशिरा बोलते आहे की भाषांच्या गर्दीत चाचपडते आहे, हे ओळखायला तिथे जाऊन वेळ देणारा जाणकारच लागतो. मराठी मुलांसाठीसुद्धा शहरी चित्रांचे तक्ते पुरत नाहीत. विमान आणि केक दाखवून जे मूल गप्प राहते, ते वासरू, विहीर, ट्रॅक्टर दाखवल्यावर बोलू लागते. आणि ळ, ण यांचे उच्चार जिभेवर कसे येतात ते समजणारा तज्ज्ञ मराठीतच तयार व्हावा लागतो. पदवीचे शिक्षण इंग्रजीत, रुग्ण मराठी, ही दरी संस्थांनी अजून पुरेशी भरलेली नाही.

मोठ्या माणसांचे तर कोणी बोलतच नाही. अर्धांगवायूतून वाचलेला शेतकरी चालू लागतो, मात्र त्याला बायकोचे नाव आठवत नाही, पाणी मागायचे तर भलताच शब्द तोंडून येतो. घरचे समजतात, बुद्धी गेली. बुद्धी शाबूत असते, शब्दांची वाट तुटलेली असते, आणि सुरुवातीच्या महिन्यांत सराव मिळाला तर पुष्कळ परत येते. फिजिओथेरपिस्ट आता तालुक्याच्या गावी सापडतो. तुटलेल्या वाचेसाठी मात्र कोणी नाही.

2020 च्या टाळेबंदीने एक दार उघडले. देशभर वाचा-उपचार फोनवर, व्हिडिओवर सुरू झाले. अंतरावरून पालकांना शिकवण्याची पद्धत त्याहूनही जुनी आहे. लॉस एंजेलिसच्या जॉन ट्रेसी क्लिनिकने 1943 पासून बहिऱ्या मुलांच्या आईवडिलांसाठी टपालाने पाठ पाठवले. आईलाच शिक्षिका करायचे, हे तत्त्व शिरूर-दौंडला नक्की लागू पडेल. इथल्या आया दहावी-बारावी शिकलेल्या आहेत, हातात स्मार्टफोन आहे. तरी लहान मूल पडद्यासमोर किती वेळ बसेल, आणि ओठांची, जिभेची जागा हाताने दाखवायची वेळ आली तर काय, हे प्रश्न राहतात. फोनने खेपा कमी होतील. तज्ज्ञाची जागा तो घेणार नाही.

डिसेंबर 2022 मध्ये महाराष्ट्राने दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग केला. वांद्र्याच्या संस्थेकडे चाळीस वर्षांचे ज्ञान आहे, श्रवण-भाषा-वाणीची एका वर्षाची पदविका आहे, राज्याकडे रुग्णालयांच्या इमारती आहेत, गट साधन केंद्रांत विशेष शिक्षक आहेत. यांना एकत्र आणणारी जागा नकाशावर आधीच आहे. शिरूरहून न्हावरे, पुढे भीमा ओलांडून पारगाव आणि केडगाववरून चौफुला असा रस्ता पुण्याला न जाता दोन्ही तालुके जोडतो. एका पदविकाधारकाने आठवड्यातले दोन दिवस शिरूरच्या ग्रामीण रुग्णालयात, दोन दिवस दौंडच्या उपजिल्हा रुग्णालयात बसावे, उरलेला दिवस याच रस्त्यावरच्या गावांना द्यावा, आणि महिन्यातून एकदा औंधच्या किंवा वांद्र्याच्या वरिष्ठ तज्ज्ञाने अवघड मुले तिथे येऊन पाहावीत. त्यासाठी नवी इमारत लागत नाही. दोन रुग्णालयांत एकेक शांत खोली, श्रवणचाचणीचे एक फिरते यंत्र आणि अर्थसंकल्पात एक मंजूर पद लागते. संस्थेच्या पन्नासाव्या वर्षाची स्मरणिका निघेल तेव्हा त्या पदावर बसलेल्या माणसाने तिच्यात लिहावे.